चित्राचा सातबारा कसा तयार करायचा?

जालन्याच्या एका उद्योजकांनी विचारले आहे: "गेल्या दहा-बारा वर्षांत मी अकरा चित्रे जमवली. चार मुंबईच्या प्रदर्शनांतून घेतली. तीन आपल्याकडच्या चित्रकारांकडून थेट, त्यातले एक सर परभणीला असतात, आता ऐंशीच्या पुढे आहेत. दोन एका दिवंगत चित्रकाराच्या मुलाकडून, एक भेट मिळाले आणि एक वडिलांचे पोर्ट्रेट, ते मी पैसे देऊन काढून घेतले. काहींना प्रमाणपत्र आहे, काहींना नाही. उद्या विकायची, मुलांच्या नावे करायची किंवा विमा उतरवायचा म्हटले, तर ही माझीच आहेत हे कशावरून दाखवायचे? शिवाय एक जण एम. एफ. हुसेन यांचे रेखाचित्र घेऊन येतोय, हैदराबादच्या एका वाड्यातले म्हणतो. घ्यावे का?"

हुसेन यांच्या रेखाचित्राचे आधी सांगतो, कारण तो माणूस तुम्हाला घाई करणार. आज पैसे देऊ नका. इसारसुद्धा नाही. का, ते पुढे येईलच.

मी छत्रपती संभाजीनगरात अठ्ठावीस वर्षे चित्रांच्या फ्रेमा करतो, आणि त्यातली वीसेक वर्षे लोकांच्या संग्रहांची कागदपत्रेही लावून देतो. कागद लावायचे काम अंगावर आले ते फ्रेमिंगमुळेच, कारण चित्राची पाठ सगळ्यांत आधी फ्रेमवाल्याला दिसते.

तुम्ही कारखान्यासाठी जमीन घेतली तेव्हा काय काय पाहिले ते आठवा. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, चतुःसीमा, बहिणींचे हक्कसोडपत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. आपल्या मराठवाड्यात तर लोक खासरा पत्रकापर्यंत मागे जातात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा एका जुन्या नोंदीची किंमत काय असते ते गावोगावी कळले. आणि इतके सगळे ठाऊक असणारा माणूस चार-पाच लाखांचे चित्र घेताना फक्त कोपऱ्यातली सही बघतो. आजच्या चित्रकाराच्या चित्राची नोंद ठेवणारे तलाठी कार्यालय कुठेच नाही. ती नोंद घेणाऱ्यानेच ठेवायची असते, आणि घेतल्या दिवशीच.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. चित्र त्या चित्रकाराचेच आहे का, हा पहिला. ते तुमच्या मालकीचे आहे का, हा दुसरा. आणि ते छापायचा, त्याच्या प्रती काढायचा हक्क कोणाचा, हा तिसरा. प्रमाणपत्र फक्त पहिल्याचे उत्तर देते, तेही देणारा माणूस योग्य असेल तर. चोरलेल्या चित्रालाही अस्सल प्रमाणपत्र असू शकते. विकणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर "हे चित्र अस्सल आहे" असे लिहून दिले असेल आणि त्यावर चित्राचा फोटोही नसेल, तर तो कागद कुठल्याही चित्राला लावता येतो. प्रमाणपत्र चित्रकाराचे, त्याच्या वारसांचे किंवा त्याचे काम वर्षानुवर्षे दाखवणाऱ्या गॅलरीचे असावे. चित्राचा छापील फोटो त्यावर चिकटवलेला असावा, आणि सही अशी असावी की अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर येईल.

ताबा तुमच्याकडे आहे याला कायद्यात वजन आहेच. ज्याच्या ताब्यात वस्तू, तो मालक नाही असे जो म्हणेल त्यानेच ते सिद्ध करायचे. पण १९३० च्या मालविक्री कायद्याचे दुसरे तत्त्वही तितकेच पक्के आहे: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला साधारणपणे मिळत नाही. म्हणून तुमची मालकी सिद्ध करायची म्हणजे तुमच्या आधीच्याची, त्याच्या आधीच्याची, थेट चित्रकाराच्या हातापर्यंत साखळी दाखवायची.

अशी साखळी कशी दिसते याचे एक उदाहरण देतो. हुसेन यांचे १९५४ चे 'ग्राम यात्रा' हे जवळजवळ चौदा फूट लांबीचे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेले. त्याची कहाणी दोन ओळींत संपते. लिऑन एलियास व्होलोडार्स्की हे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आले होते, त्यांनी ते १९५४ मध्ये घेतले. पुढे ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिले गेले, तिथून लिलावात आले. कित्येक दशके ते कलाविश्वाच्या नजरेआड होते, पण मधे एकही वर्ष असे नाही की चित्र कोणाकडे होते हे सांगता येत नाही. चित्र मोठे आहेच, पण त्या किमतीत या सरळ साखळीचाही वाटा आहे.

आता तुमच्या चित्रांकडे. मुंबईची चार सोपी आहेत. बिले काढून बघा. "पेंटिंग – १ नग" एवढेच लिहिले असेल तर ते बिल हिशेबाला चालेल, ओळख पटवायला नाही. गॅलरीला पत्र लिहून तपशीलवार पुरवणी मागा: चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, फ्रेम सोडून उंची आणि रुंदी, सही कुठे आहे, प्रदर्शनाची तारीख, आणि पूर्ण पैसे मिळून मालकी तुमच्याकडे गेली हे स्पष्ट वाक्य. गॅलऱ्या बंद होतात, जागा बदलतात, जुने कर्मचारी जातात, त्यामुळे हे लांबवू नका. बँकेचे त्या महिन्याचे स्टेटमेंट सोबत लावा. प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, उद्घाटनाला चित्रासमोर काढलेला फोटो, सगळे त्याच फाइलीत. या चारांत एखादे सेरिग्राफ किंवा एचिंग, म्हणजे ठराविक प्रती काढलेले छापचित्र असेल तर खाली पेन्सिलीने ३/२५ असे काही असेल. तो आकडा बिलावरही आला पाहिजे, कारण त्याच प्रतिमेच्या आणखी चोवीस प्रती इतरांच्या घरात आहेत आणि तुमची मालकी त्यातल्या तिसऱ्या प्रतीची आहे. काही आधुनिक कलाकृतींत तर कागद हीच कलाकृती असते. भिंतीला टेपने चिकटवलेले केळे २०२४ मध्ये ६२ लाख डॉलरला विकले गेले, तेव्हा घेणाऱ्याला मिळाले ते प्रमाणपत्र आणि केळे कसे लावायचे याच्या सूचना. असे काही घेतले असेल तर तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

रोखीचे एक सांगतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याने घेणाऱ्याला मना आहे. चित्रकार "रोख द्या, थोडे कमी करतो" म्हणाला तरी ऐकू नका. त्याला दंड होईल आणि तुमच्याकडे पुरावा उरणार नाही. चित्रे आयकरात घरगुती वापराच्या वस्तू धरत नाहीत, भांडवली मालमत्ता धरतात. विकताना खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर तोटा तुमचाच.

कागदांइतकीच महत्त्वाची आहे चित्राची पाठ. तिथे काय काय असते ते बघितल्याशिवाय पटत नाही: स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात त्या चौकटीच्या, लाकडावर चित्रकाराच्या हातचे शीर्षक, राज्य कला प्रदर्शनाचे किंवा बॉम्बे आर्ट सोसायटीचे लेबल, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचा स्टिकर, जुन्या फ्रेमवाल्याचा शिक्का, कधी किंमत लिहून खोडलेली. २००४ मध्ये माझ्या दुकानात एक तैलचित्र नव्या फ्रेमसाठी आले. मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता. माझ्या कारागिराने तो फाडून फेकला, कॅनव्हासची कडा झटकली आणि नवीन हार्डबोर्ड ठोकला. काम सुबक झाले. आठवड्याने मालक विचारायला आले, "मागे चिठ्ठी होती, ती कुठाय?" मी रद्दीचे पोते अंगणात ओतले. अर्धी चिठ्ठी सापडली: प्रदर्शनाच्या नावाची शेवटची तीन अक्षरे, अनुक्रमांक आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. चित्रकार वारले होते. ते चित्र त्या प्रदर्शनात लागले होते याचा तेवढाच पुरावा जगात होता, आणि तो माझ्या दुकानात फाटला. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे: पाठीचा फोटो काढल्याशिवाय एक खिळा उपसायचा नाही, आणि जुने लेबल निघालेच तर आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून नव्या बॅकिंगच्या आत लावायचे. तुमच्या फ्रेमवाल्याला हे लेखी सांगा.

दिवंगत चित्रकाराच्या मुलाकडून घेतलेली दोन चित्रे ही तुमची खरी अडचण आहे. वडिलांच्या पश्चात घरात चित्रे राहतात, एक मुलगा त्याच घरात असतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे येते, तो विकतो. त्याच्या मनात खोट असेलच असे नाही. पण मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि हयात असेल तर चित्रकाराची आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलीचा वाटा मुलाएवढाच. मुस्लिम कुटुंब असेल तर वाटे त्यांच्या कायद्याप्रमाणे पडतात, पण तिथेही एकट्या मुलाचे सगळे नसते. एकर-दीड एकरासाठी आपण बहिणींच्या सह्या घेतो, चित्राला मात्र कोणी विचारत नाही. पुढे त्या चित्रकाराच्या नावाला भाव आला की सासरी गेलेल्या बहिणी विचारणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे.

तेव्हा त्या मुलाकडे शांतपणे जा. मृत्युपत्र असल्यास प्रत, नसल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घ्या. मग सगळ्या वारसांकडून एक संमतीपत्र करून घ्या: ही दोन चित्रे, ही त्यांची मापे, हे फोटो, अमुक तारखेला अमुक रकमेला विकली, ती विक्री आम्हाला मान्य आहे. फोटोवर सगळ्यांच्या सह्या. बहिणींना त्यांचा वाटा मिळाला का, हे विचारायला संकोच करू नका. नसेल मिळाला तर आधी तो मिळू द्या. मी हे दोनदा करून दिले आहे. एकदा पैठणला एका आजींनी सही करण्याआधी नवऱ्याचे चित्र अर्धा तास मांडीवर ठेवले होते, आणि कोणीही त्यांना घाई केली नाही.

भेट मिळालेल्या चित्राला भेटपत्र हवे. जंगम वस्तूची भेट नुसते हाती देऊनही पूर्ण होते, पण वीस वर्षांनी देणाऱ्याची मुले "सांभाळायला दिले होते" म्हणाली तर? देणाऱ्याकडून आजच दोन ओळी घ्या, कधी दिले ती खरी तारीख त्यात असू द्या, आणि कागदावर मात्र आजचीच तारीख. मागची तारीख टाकून कागद करू नका. एक खोटी तारीख सापडली की खरे कागदही संशयात येतात. देणारा नातेवाईक नसेल आणि बाजारभाव ५० हजारांच्या वर असेल तर आयकराचा मुद्दा येतो, तुमच्या सीएंना दाखवा.

वडिलांच्या पोर्ट्रेटबाबत तुम्ही सुखी आहात. चित्र विकत घेतले म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट चित्रकाराकडे राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अपवाद आहे: मोबदला देऊन, सांगून काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे वडिलांचे चित्र कंपनीच्या दिनदर्शिकेवर छापा, खाली चित्रकाराचे नाव घालून. बाकीची चित्रे छापायची तर लेखी परवानगी घ्या. चित्र कापणे, त्यावर रंग चढवणे हेही मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प काढून टाकले गेले, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना अवशेष परत द्यायला लावले आणि ५ लाख भरपाई दिली. १९९४ च्या दुरुस्तीने मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागायचा हक्कही दिला आहे, कमाल १० टक्के. तुम्ही विकाल तेव्हा हा वाटा कोणी मागायची वाट न बघता द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता हैदराबादचा वाडा. आपण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो, घरोघरी तिकडची नाती आहेत, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन खरी वाटते. त्यात बद्रीविशाल पित्ती हे हैदराबादचे गृहस्थ हुसेन यांचे आश्रयदाते होते आणि त्यांच्याकडे हुसेन यांनी रामायणावर मोठी चित्रमालिका केली, हे खरेच आहे. त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खोटी चित्रे विकली जातात. त्या माणसाला विचारा: वाडा कोणाचा, चित्र कोणी घेतले, कधी, कोणाकडून? भिंतीवर ते दिसते असा घरातला जुना फोटो आहे का? "घराण्याचे नाव सांगता येत नाही" असे उत्तर आले की तिथेच उठा. न्यूयॉर्कची नोडलर ही १८४६ पासूनची गॅलरी २०११ मध्ये बंद पडली. अनेक वर्षे तिथून सुमारे ८ कोटी डॉलरची बनावट चित्रे विकली गेली होती आणि त्यामागची कथा हीच: नाव न सांगता येणारा एक संग्राहक. एका चित्रावर तर अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या सहीतले एक अक्षर गळाले होते, तरी ते विकले गेले.

अतिनील दिव्याखाली कागद बघता येतो. १९५० च्या सुमारापासून कागदात चमक आणणारी रसायने येऊ लागली, ती त्या प्रकाशात निळसर पांढरी पेटतात. चाळीसच्या दशकातला म्हणून दाखवलेला कागद असा पेटला तर गोष्ट खोटी. पण सत्तरच्या दशकातला म्हटला तर या चाचणीने काहीच ठरत नाही, कारण खोटे काढणाराही जुनी वही मिळवतो. म्हणून दिवा शेवटी, साखळी आधी. आणि तो माणूस शंभर वर्षांपूर्वीची पैठणची चित्रकथांची पाने दाखवू लागला तर तो विषयच वेगळा. ती पुरावस्तू ठरतात, त्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो.

तुमची वही अशी करा. पाने क्रमांकित, बांधलेली, एका चित्राला दोन पाने. प्रत्येक चित्राला तुमचा क्रमांक द्या आणि तोच स्ट्रेचरच्या लाकडावर मऊ पेन्सिलीने लिहा, कॅनव्हासच्या पाठीवर कधीही नाही. फोटो समोरून, मागून, सहीचा, आणि एक अगदी जवळून: चित्रातला दोन इंचांचा तुकडा, शेजारी पट्टी ठेवून, तिरप्या उजेडात. तिथे ब्रशच्या केसांचे ओरखडे, रंगाचा उंचवटा, बारीक भेगा दिसतात. माझ्याकडच्या एका कॅनव्हासवर पिवळ्या रंगात ब्रशचा एक केस अडकून वाळला आहे, सुमारे नऊ मिलिमीटर लांब, टोकाला वळलेला. हजार नकला केल्या तरी तो केस तसा येणार नाही. चोरी झाली तर फिर्यादीला हाच फोटो उपयोगी पडतो. जाड फ्रेमचे फोटो त्या कामाचे नाहीत, चोर फ्रेम आधी टाकतो.

डिजिटल प्रती ठेवाच, पण मूळ फाइल न बदलता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलीचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक, नोंदवायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो मूळ राहत नाही. कागद आणि चित्रे एका छपराखाली ठेवू नका. १९९३ ला किल्लारीच्या पट्ट्यात घरे गेली तेव्हा खरेदीखतेही त्याच मातीत गेली होती. विम्याचे थोडक्यात: घराच्या साध्या पॉलिसीत कलाकृती सहसा आपोआप येत नाहीत, यादी आणि मूल्यांकन देऊन वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात.

या सगळ्यांत आधी परभणीला जा. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत सय्यद हैदर रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथली बहुतेक चित्रे आपली नाहीत हे त्यांनी ओळखले. ते हयात होते म्हणून हे होऊ शकले. तुमच्या सरांसारखे कितीतरी लोक आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून रात्री काम करत आले. त्यांचा ना कॅटलॉग, ना गॅलरी. त्यांचे कोणते चित्र कुठे आहे याची नोंद तुमच्यासारख्यांच्या घरी झाली तरच होणार. चित्राच्या फोटोच्या दोन मोठ्या प्रती घेऊन जा, चित्रही गाडीत घ्या. सरांना ते पुन्हा बघू द्या. कोणत्या साली, कोणत्या घरात, कशावरून काढले ते विचारा आणि त्यांचे बोलणे फोनच्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करा. एका फोटोमागे त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहू द्या, दुसरा सही करून त्यांच्याकडे ठेवा. बाकी चित्रे कोणाकोणाला दिली हेही विचारा, बहुधा त्यांच्याकडे एखादी डायरी निघेल. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. उन्हाळ्यात दुपारी चित्र गाडीत ठेवू नका, सकाळी सातला निघा.